विमान उडण्यापूर्वी

विमान कोसळल्याची वार्ता आली म्हणजे सामान्य माणसाचे मन प्रथम आकाशाकडे धाव घेते. ढग होते काय, वादळ होते काय, यंत्र मध्येच बंद पडले काय, असे प्रश्न तो विचारू लागतो. आणि ते अस्वाभाविकही नाहीत. परंतु अपघातांच्या चौकशीची कागदपत्रे चाळली असता असे आढळून येते की, कित्येक अपघातांचे मूळ विमान जमिनीवर असतानाच रुजलेले असते. आकाशात ते केवळ दृष्टोत्पत्तीस येते. विमान शांतपणे उभे आहे, वैमानिकाच्या हाताशी पुरेसा वेळ आहे, ऊन पडलेले आहे, अशा वेळी कोठे एखादे टोपण लावावयाचे राहते, कोठे एखादी खीळ काढावयाची राहते, आणि पुढील पाच-दहा मिनिटांत त्या विसराची किंमत मोजावी लागते. लहान खाजगी विमानांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. तेथे मालक तोच, सारथी तोच, आणि पुष्कळदा विमानाची देखभाल पाहणाराही तोच. 'अमुक पाहिलेत काय?' असे विचारणारे दुसरे माणूस तेथे नसते.

या अनेक चुकांपैकी एका चुकीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. विमान पंखांच्या आधाराने तरते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ते वळते, वर चढते किंवा खाली येते ते पंखांच्या व शेपटाच्या मागील कडेस बिजागऱ्यांनी बसविलेल्या हलत्या झडपांमुळे. वैमानिकाच्या हातातील दांडा आणि पायांखालच्या पट्ट्या तारांनी या झडपांना जोडलेल्या असतात. विमान उघड्यावर उभे असले म्हणजे वारा या झडपा घराच्या खिडक्यांप्रमाणे आपटू लागतो, आणि रात्रभर त्या आपटत राहिल्या तर बिजागऱ्या खिळखिळ्या होतात, तारा सैलावतात. म्हणून विमान उभे करून ठेवताना झडपा जागच्या जागी जखडून टाकण्याची वहिवाट आहे. ज्या साधनाने त्या जखडतात त्यास 'गस्ट लॉक' असे म्हणतात. आपण तिला नुसती खीळ म्हणू. प्रारंभीच्या काळात ही खीळ म्हणजे झडपेवर बाहेरून चढविलेला एक चिमटा असे, आणि तो नजरेत भरावा म्हणून त्याला तांबडी पट्टी बांधीत. उडण्यापूर्वी तो काढला पाहिजे, हे सांगावयास पंडित नको.

सन १९३५ च्या ऑक्टोबर महिन्याची ३० तारीख. अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन शहराजवळ राइट फील्ड या लष्करी विमानतळावर बोइंग कंपनीच्या एका नव्या विमानाची परीक्षा चालली होती. 'मॉडेल २९९' हे त्याचे नाव. त्याला चार इंजिने होती; स्पर्धेतील इतर विमानांना दोनच. ऑगस्ट महिन्यात ते सिॲटलहून निघून मध्ये कोठेही न उतरता सुमारे नऊ तासांत डेटनला पोचले होते, आणि त्यामुळे ही स्पर्धा त्याने जिंकल्यासारखीच आहे असे सर्वांनी मनोमन ठरवून टाकले होते. त्या दिवशी विमान चालविण्यास मेजर प्लॉयर पीटर हिल बसले होते. लष्कराच्या विमानांची उड्डाण-परीक्षा घेणाऱ्या शाखेचे ते प्रमुख. त्यांच्या शेजारी लेफ्टनंट डोनल्ड पट आणि पाठीमागे बोइंगचे मुख्य चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर. या विमानाची जितकी माहिती टॉवर यांना होती तितकी पृथ्वीच्या पाठीवर क्वचितच कोणाला असेल.

विमान धावले, जमिनीवरून उचलले गेले, आणि नाक वर करून अधिकाधिक उभे चढू लागले. सुमारे ३०० फुटांवर त्याचा वेग संपला. ते एका पंखावर कलले, खाली आदळले आणि पेटले. जवळच्या अधिकाऱ्यांनी धावत जाऊन, आगीत शिरून माणसे बाहेर ओढून काढली. हिल त्याच दिवशी वारले. टॉवर पुढे काही दिवसांनी गेले. पट वाचले. चौकशीत इंजिने निर्दोष ठरली, पंख निर्दोष ठरले, विमानाची रचनाही निर्दोष ठरली. शेपटाच्या झडपांची खीळ मात्र काढलेली नव्हती.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या विमानाची खीळ जुन्या पद्धतीची, बाहेरून दिसणारी नव्हती. आत बसल्या बसल्या लावता व सोडविता यावी अशी तिची नवी सोय केलेली होती. सोय झाली खरी; पण विमानाभोवती एक फेरी मारताच जी वस्तू पूर्वी डोळ्यांत भरे ती या सोयीमुळे डोळ्यांआड गेली. यंत्रांच्या इतिहासात असे वारंवार घडते. एक कष्ट वाचवावा म्हणून काही योजावे, आणि त्या कष्टाबरोबरच आपोआप होत असलेली राखणही निघून जावी. हिल यांनी उड्डाणापूर्वी दांडा एकदा पुढे-मागे ढकलून पाहिला असता, तर तो हलत नाही हे एका क्षणात कळून आले असते. तीन तज्ज्ञांपैकी एकालाही ते करण्याचे सुचले नाही. प्रत्येकाला ते दुसऱ्याने केले असावे असे वाटले काय, हे सांगण्यास हिल व टॉवर मागे राहिले नाहीत. हिल यांचे नाव मात्र अमेरिकेतील युटा राज्यातील एका मोठ्या हवाई तळाला पुढे देण्यात आले.

हा अपघात एका नवलाईच्या अवजड विमानाचा म्हणून कोणी बाजूस सारील. परंतु पुरते आठ महिनेही उलटले नाहीत तोच जर्मनीत तोच प्रकार एका इंजिनाच्या, आटोपशीर विमानात घडला. जनरल वॉल्टर वेव्हर हे जर्मनीच्या नव्या हवाई दलाचे पहिले सेनाप्रमुख. आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी पायदळात घालविला होता. विमान चालविण्यास ते शिकले ते चाळिशी उलटून गेल्यावर. सन १९३६ च्या जून महिन्याच्या ३ तारखेस ते ड्रेस्डेन येथे विद्यार्थ्यांपुढे भाषण करण्यास गेले होते. तेथून एका सेनानीच्या अंत्ययात्रेस हजर राहण्यासाठी त्यांना बर्लिनला तातडीने परतावयाचे होते. हाइन्केल जातीचे एक वेगवान विमान ते स्वतःच चालवीत होते. घाईत विमानाभोवतीची फेरी राहिली, आणि पंखांच्या झडपांची खीळ तशीच राहिली. विमान उचलले जाताच एक पंख खाली गेला, आणि तो वर आणण्याचा उपाय हाती उरला नाही. वेव्हर व त्यांच्याबरोबरचा यंत्रज्ञ दोघेही जागीच ठार झाले. लांब पल्ल्याच्या बाँबफेकी विमानांचा आग्रह धरणारा हा गृहस्थ जगता तर पुढील महायुद्ध कसे झाले असते, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. तो वाद येथे अप्रस्तुत आहे. प्रस्तुत आहे ती घाई, कारण खाजगी वैमानिकाची घाई याच जातीची असते: कोठेतरी वेळेवर पोचावयाचे असते, आणि विमान तर दारातच उभे असते.

राइट फील्डच्या अपघाताने बोइंगचे मोठे कंत्राट हुकले. तरीही लष्कराने त्या जातीची १३ विमाने प्रयोगादाखल मागविली आणि त्यांपैकी १२ व्हर्जिनियातील लँगली फील्ड येथील पथकाकडे सोपविली. हे विमान एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे अशी बोलवा तोवर पसरलीच होती. त्या विमानांतून आणखी एक जरी पडते, तरी त्या जातीचा तेथेच शेवट झाला असता. अशा वेळी वैमानिकांना अधिक दिवस शिक्षण द्यावे, असे कोणासही सुचले असते. परंतु हिल यांच्यापेक्षा अधिक शिकलेला वैमानिक आणावयाचा कोठून? म्हणून त्या मंडळींनी निराळाच उपाय योजला. उडण्यापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर काय काय पहावयाचे, याच्या छोट्या याद्या त्यांनी कागदावर उतरविल्या, आणि त्या प्रत्येक वेळी वाचल्याच पाहिजेत असा नियम केला. त्या यादीत कोणतेही गूढ ज्ञान नव्हते. खीळ काढली काय, झडपा मोकळ्या हलतात काय, दारे लागली काय, असले पोरासोरांनाही समजावेत असे प्रश्न होते. अनुभवी वैमानिकांना प्रथम तो कागद काहीसा अपमानकारक वाटला असेल तर नवल नाही. परंतु ती विमाने लाखो मैल सुखरूप उडाली. पुढे 'फ्लाइंग फोर्ट्रेस' या नावाने महायुद्धात जी हजारो विमाने लढली ती याच घराण्यातली.

त्यापूर्वीच्या लहान विमानांना याद्या नव्हत्या, आणि त्यांची तितकी निकडही भासली नव्हती. मुंबईच्या जुहू विमानतळावर १९२८-२९ च्या सुमारास फ्लाइंग क्लबाची जी 'मॉथ' विमाने उडत, त्यांत पाहण्यासारखी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. मात्र इंजिन चालू करण्याचा विधी आजच्या यादीची आठवण करून देणारा होता. बटण दाबून इंजिन सुरू होत नसे. एक माणूस समोर उभा राहून पंखा हाताने फिरवी. तो मोठ्याने विचारी, 'स्विच ऑफ?' आत बसलेला वैमानिक स्वतः पाहून 'स्विच ऑफ' असे उत्तर देई. मग पंखा चार-दोन वेळा फिरविल्यावर 'कॉन्टॅक्ट!' अशी हाक येई आणि तिला तसेच उत्तर जाई. उत्तर चुकले तर समोरच्या माणसाचा हातच तुटावयाचा. त्यामुळे ही प्रश्नोत्तरे कधी पुटपुटली जात नसत. पेट्रोलही डब्यांतून येई, आणि त्यातील पाणी व कचरा टाकीत जाऊ नये म्हणून ते मऊ कातड्यातून गाळून ओतण्याची रीत होती.

याच क्लबात शिकून जहांगीर रतनजी टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळविला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले. त्यांच्याविषयीची एक हकीकत आपल्याकडे त्यांच्या दिलदारीचा मासला म्हणून सांगतात. सन १९३० मध्ये आगाखानांनी हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील एकट्याच्या प्रवासासाठी बक्षीस लावले होते. टाटा एका दिशेने निघाले होते, अस्पी एंजिनियर हा कोवळा तरुण उलट दिशेने. इजिप्तमध्ये अबुकीर येथे टाटा उतरले तेव्हा एंजिनियर स्पार्क प्लगांवाचून अडकून पडलेला त्यांना दिसला. त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले, आणि बक्षीस एंजिनियरने पटकावले. पुढे हाच तरुण भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. दिलदारी तर खरीच. पण निघण्यापूर्वी आपल्याबरोबर काय घेतले आहे हे पाहण्याचे महत्त्वही त्यात दिसते. एकाजवळ जादा प्लग होते, एकाजवळ नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर खाजगी विमानांचा प्रसार मुख्यतः अमेरिकेत झाला. 'सेस्ना १७२' या चार माणसांच्या विमानाचेच उदाहरण घ्यावे. सन १९५५ मध्ये ते प्रथम उडाले आणि आजवर त्या जातीची चाळीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. डॉक्टर, वकील, शेतकरी, व्यापारी अशी माणसे सुट्टीच्या दिवशी ती उडवितात. त्यात खिळीची योजना मोठ्या खुबीची आहे. चाकाच्या दांड्यात एक सळई घालतात आणि तिला एक तांबडा पत्रा जोडलेला असतो. तो पत्रा इंजिन सुरू करण्याची चावी जेथे घालावयाची त्या भोकावरच येतो. म्हणजे खीळ काढल्याशिवाय चावीच घालता येऊ नये! राइट फील्डला जी राखण हरवली होती ती येथे पुन्हा आणून बसविली. परंतु माणूस असा की, मूळची सळई हरवली तर तो तिच्या जागी घरातला एखादा लांब खिळा घालतो. खिळा झडपा उत्तम जखडतो. चावीचे भोक मात्र मोकळे राहते. अशा खिळ्यांविषयी अधिकाऱ्यांना वैमानिकांना बजावावे लागलेले आहे.

खिळीच्या खालोखाल पेट्रोलाचे प्रकरण येते, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. पेट्रोल आहे काय, इतकेच पाहून भागत नाही. ते किती आहे, निर्भेळ आहे काय, आणि ते पेट्रोलच आहे काय, हेही पहावे लागते. अर्ध्या भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव जमते. पाणी पेट्रोलाहून जड असल्याने तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळापासूनच निघते. म्हणून रोज सकाळी टाकीच्या तळाशी असलेली छोटी तोटी उघडून थोडे इंधन काचेच्या पेल्यात घेतात आणि प्रकाशात धरून पाहतात. पाणी असल्यास ते थेंबाथेंबाने खाली बसलेले दिसते. यातही एक फसगत आहे. पाणी फारच असेल तर पेल्यात सगळे पाणीच येते; मग दोन थर दिसत नाहीत, आणि उतावळ्या डोळ्यांना ते स्वच्छ पेट्रोल वाटते. विमानाच्या पेट्रोलात रंग मिसळण्याचा येथेही उपयोग होतो. सध्या सर्रास वापरात असलेले निळे असते. पेल्यात निळाई दिसली नाही तर हात थांबला पाहिजे.

पेट्रोलाच्या जागी जेट विमानाचे इंधन, म्हणजे जवळजवळ रॉकेलच, भरले गेल्याचीही उदाहरणे आहेत. बॉब हूवर या विख्यात अमेरिकन वैमानिकाची गोष्ट त्या देशात घरोघर सांगतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन डिएगो येथील कसरती आटोपून ते दोन प्रवाशांसह परत निघाले असता विमान थोडे वर जाते न जाते तोच दोन्ही इंजिने थंडावली. केवळ असामान्य कौशल्यामुळे त्यांनी विमान जमिनीवर आणले आणि सर्वजण वाचले. टाकीत जेटचे इंधन भरलेले होते. हूवर विमानतळावर परतले तेव्हा ते भरणारा तरुण रडकुंडीस आला होता. हूवर यांनी त्याला धीर दिला आणि दुसऱ्या दिवशी आपले विमान त्यानेच भरावे असे सांगितले. या क्षमेची कथा सर्वांना आवडते. तिचा उत्तरार्ध तितकासा कोणी सांगत नाही. जेटच्या इंधनाच्या नळीचे तोंड रुंद व चपटे करण्यात आले आणि लहान विमानांच्या टाकीचे तोंड कड्याने अरुंद करण्यात आले. म्हणजे चुकीची नळी आत शिरूच नये. हूवर यांचेच नाव त्या नळीला मिळाले. क्षमेने एक तरुण वाचला. त्या नळीने किती वाचले असतील याची मोजदाद कोण करणार?

पेट्रोल किती आहे हे पाहण्याची जुनी रीत फार साधी होती. 'पायपर कब' या पिवळ्या दोन आसनी विमानाच्या टाकीत एक बूच तरंगत असे. त्याला खोचलेली तार टोपणातून वर आलेली असे आणि वैमानिकाला काचेतून समोरच दिसे. तार खाली गेली की उतरावयाचे. याच्या नेमके उलट उदाहरण जॉन डेन्व्हर या लोकप्रिय अमेरिकन गायकाचे आहे. डेन्व्हर नवशिका नव्हता. अनेक वर्षे तो विमाने चालवीत होता. सन १९९७ च्या ऑक्टोबरात त्याने एक लहान, हौशी माणसाने स्वतः बांधलेले विमान विकत घेतले. त्याच्या रचनाकाराने पेट्रोलाची टाकी बदलण्याचा खटका वैमानिकाच्या पायांजवळ योजला होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्याच्या मागे बसविला. टाकीतील पातळी दाखविणाऱ्या काचाही मागच्या बाजूस. १२ तारखेस कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे निघण्यापूर्वी ही अडचण डेन्व्हरच्या ध्यानात आलेली होती. एका कारागिराशी त्याचे त्याविषयी बोलणेही झाले, आणि मागच्या काचा पाहण्यासाठी त्या कारागिराने त्याला एक आरसा दिला. पेट्रोल भरावयाचे काय असे विचारले असता, तासाभराचेच उड्डाण आहे, नको, असे त्याने सांगितले. समुद्रावर असता चालू टाकी संपली असावी. खटका फिरविण्यासाठी तो मागे वळला, त्या भरात पायाखालची पट्टी दाबली गेली, आणि विमान पाण्यात कोसळले. चौकशी मंडळाने विमान बांधणाऱ्याच्या योजनेला दोष दिलाच. परंतु निघण्यापूर्वीची अपुरी तयारी, विशेषतः पेट्रोल न भरणे, हेही अपघाताचे कारण म्हणून स्पष्ट नोंदविले. म्हणजे या माणसाने संकट जमिनीवरच पाहिले होते. पाहूनही निघणे ही न पाहण्याहून निराळी चूक आहे, आणि अधिक मानवी आहे.

तपासणीच्या यादीत झडपांविषयी दोन शब्द असतात: मोकळ्या आणि योग्य. 'मोकळ्या' कशासाठी हे हिल व वेव्हर यांच्यावरून कळते. 'योग्य' कशासाठी, हे २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमधील वुडफर्ड येथे दिसून आले. तेथे 'ट्यूडर' जातीच्या विमानाच्या पंखांच्या झडपांच्या तारा दुरुस्तीत उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. झडपा मोकळ्या होत्या, सुरेख हलत होत्या. फक्त उजवीकडे दांडा लोटला की विमान डावीकडे कलावयाचे. विमान मोठे प्रवासी जातीचे होते, आणि त्यात स्वतः त्याचे रचनाकार रॉय चॅडविक बसलेले होते, 'लँकेस्टर' विमानाचे जनक. ते त्या अपघातात गेले. म्हणून दुरुस्तीहून परत आलेल्या विमानात दांडा नुसता हलवून पुरत नाही. खिडकीतून मान बाहेर काढून कोणती झडप कोणीकडे गेली हे डोळ्यांनी पहावे लागते.

इतके सारे पहावयाचे तर ते तोंडपाठ करावे की कागदावरून वाचावे? आपल्याकडे पाठांतराची प्रतिष्ठा थोर आहे, आणि ती उगीच नाही. वैदिकांनी पदे उलटसुलट क्रमाने म्हणण्याच्या ज्या रीती बसविल्या त्या चूक शिरू नये म्हणूनच. परंतु तेथे शेजारी दुसरा पाठक बसलेला असतो; एक चुकला की दुसरा अडवितो. एकट्या वैमानिकाला असा सोबती नाही. शिवाय पाठ केलेली गोष्ट मध्येच कोणी हाक मारल्यास तुटते, आणि पुन्हा धरताना एक कडी पुढे धरली जाते. पंखाची टोपणे पाहत असता मित्राने काही विचारावे, उत्तर देऊन वैमानिकाने पुढे जावे, आणि पाहिलेले टोपण कोणते व न पाहिलेले कोणते हे मनाने परस्पर ठरवून टाकावे, असे घडते. जाणते शिक्षक म्हणूनच सांगतात की, फेरी तुटली तर आरंभापासून करावी.

कागदाच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा इंग्लंडमधील 'एअर ट्रान्स्पोर्ट ऑक्झिलियरी' या संस्थेने दिला. महायुद्धात कारखान्यांतून तळांवर विमाने पोचविण्याचे काम करणारी ही बिनलष्करी मंडळी. कोणी वयस्क, कोणी एका डोळ्याने वा हाताने अधू, आणि १६८ स्त्रिया. त्यांनी १४७ जातींची तीन लाखांवर विमाने पोचविली. पुष्कळदा सकाळी एका जातीचे, दुपारी दुसऱ्याच जातीचे विमान पुढे येई. पूर्वी कधी न पाहिलेलेही. त्यांच्याजवळ कड्यांत ओवलेल्या पत्त्यांची एक लहानशी वही असे, एका जातीला एक पत्ता. तो वाचावा, आत बसावे, निघावे. येथे अज्ञानच उपकारक ठरले असे म्हटले तर ते अगदीच चमत्कारिक होणार नाही. विमान अनोळखी असल्याने पत्ता खरोखरच वाचला जाई.

यादीची कीर्ती पुढे विमानांपुरती राहिली नाही. अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गावंडे, ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, त्यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात हिल यांच्या अपघाताची हकीकत सांगून शस्त्रक्रियेलाही अशीच यादी हवी असे प्रतिपादन केले. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती लावून पाहता मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. परंतु कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात शंभरावर रुग्णालयांत ती सरसकट लागू केल्यावर फारसा फरक पडला नाही, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यादी तीच होती. ती कोठे मनापासून वाचली गेली आणि कोठे नुसत्या खुणा केल्या गेल्या, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला.

योगायोग असा की, त्याच वर्षी विमानांच्या जगातही याचे उत्तर फार कठोर रीतीने मिळाले. ३१ मे २०१४ च्या रात्री अमेरिकेत बॉस्टनजवळ बेडफर्ड येथे एक खाजगी जेट विमान धावपट्टीवरून निघाले. दोघेही वैमानिक अनुभवी, एकमेकांबरोबर अनेक वर्षे उडालेले. विमानाची खीळ काढलेली नव्हती. खीळ लागली आहे हे वेग भरात आल्यावर त्यांच्या ध्यानात आले. वैमानिक ते शब्द पुन्हा पुन्हा उच्चारीत राहिल्याचे ध्वनिमुद्रणात उमटले आहे. विमान उचललेच नाही; धावपट्टी संपवून ते ओढ्यात जाऊन पेटले आणि आतील ७ माणसे गेली. राइट फील्डला ७९ वर्षे झाली होती. यादी त्या विमानात होती; तीत झडपा हलवून पाहण्याचे कलमही होते. चौकशी मंडळाने विमानातील नोंदयंत्र उघडून मागील १७५ उड्डाणे तपासली, तेव्हा पुरी तपासणी केवळ २ वेळा झालेली आढळली. याचा अर्थ उरलेल्या १७३ वेळा काहीही बिघडले नव्हते, आणि प्रत्येक वेळी ती वगळण्यास थोडे अधिक धैर्य आले असले पाहिजे.

हे दोघेच वैमानिक बेपर्वा होते असे समजून प्रकरण मिटविता आले असते. परंतु चौकशी मंडळाच्या सूचनेवरून अमेरिकेतील खाजगी व व्यावसायिक विमानमालकांच्या संघटनेने २०१३ ते २०१५ या काळातील १,४३,७५६ उड्डाणांच्या नोंदी गोळा केल्या. त्यांपैकी सुमारे शेकडा १६ उड्डाणांत झडपा अर्धवट हलवून पाहिलेल्या होत्या. शेकडा २ उड्डाणांत वैमानिकाने दांड्याला हातही लावलेला नव्हता.